सिरियसचा कागद

पत्र गोडाऊनच्या गेटवर आलं. वडपे गावात सगळीकडे गोडाऊनं झालीत, घरांना आता पत्ता राहिलेला नाही. पोस्टमनला गाळ्यांचे नंबर पाठ असतात, विठूचं घर कुठलं हे मात्र त्याला दर वेळी विचारत यावं लागतं. म्हणून विठूच्या मुलाने, भावेशने, सैन्यभरतीच्या फॉर्मवर बापाच्या ड्युटीचा पत्ता घातला होता. विठू तिथं वॉचमन होता. त्याने दिवसभर ते निळं पत्र वर्दीच्या खिशात ठेवलं, प्रत्येक ट्रकला बांबू वर करताना खिसा चाचपून पाहिला, आणि संध्याकाळी घरी आला तेव्हा पत्र घामाने मऊ पडलं होतं.

बायजाबाई पडवीत पातेऱ्याची, वाळक्या पानांची, पोती बांधत होती. तीन रविवार मुलाचा फोन आला नव्हता. त्याआधी दर रविवारी ट्रेनिंगच्या पोरांना अर्धा तास मोबाइल मिळायचा. सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि सगळ्यांचे मोबाइल पेटीत जमा झाले. टीव्हीवर रोज नकाशे, रोज विमानं. चौथ्या दिवशी बायजाबाईने टीव्हीची वायर काढून डब्यात टाकली होती.

"रूपे, वाच," विठू म्हणाला. त्याने बूटही काढले नव्हते.

रूपा भावेशहून तीन वर्षांनी मोठी. एका गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करायची. तिने पत्र उलगडलं.

"ती. आई-बाबांना नमस्कार. मी इथे मजेत आहे. सकाळी चारला उठवतात. दूध आणि दोन अंडी रोज मिळतात. फायरिंग झाली, माझे निशाण चांगले लागले. उस्ताद म्हणतात, तुमच्या बॅचला वेळ कमी आहे, पाच आठवड्यांत पासिंग आउट करून युनिटला पाठवणार. बॅरेकच्या मागे आम्ही खंदक खणले. सात वाजता सगळे दिवे बंद करतात..."

ती थांबली.

"मंग?" विठूने विचारलं.

"मंग काय. सगळ्यांना नमस्कार. आक्काआत्याला पण."

"दोन अंडी," विठू म्हणाला. "रोजची. आनि निशाण." तो तसाच बुटांनी बाहेर गेला आणि नाक्यापर्यंत ज्याला त्याला सांगत सुटला.

बायजाबाईला वाचता येत नव्हतं. पण पत्र तिच्यासमोर उजेडात धरलेलं होतं आणि रूपा थांबली त्याच्या खाली अजून चार बोटं लिहिलेलं होतं. तिथं पेन कागदाच्या आरपार गेलं होतं.

"खालचं वाच," ती म्हणाली.

"आये, त्यानं बाबांना सांगू नको म्हनून लिवलंय."

"तुजा बाप हाय काय हितं? वाच."

रूपाने मागच्या दारी जाऊन वाचलं. शेजारच्या कॉटवरचा लातूरकडचा मुलगा भिंतीवरून पळाला. दोन दिवसांनी त्याला धरून आणला. तो आता कुणाशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून झोपतो. "आये, माझ्या पण डोक्यात तेच येते. मी तसे करणार नाही पण येते. सुट्ट्या सगळ्या बंद आहेत. फक्त आई सिरियस असेल तर दहा दिवस देतात. डॉक्टरचा कागद आणि पोलीस पाटलाचा शिक्का लागतो. तेवढा पाठव. बाबांना आणि सोमाकाकांना कळू देऊ नकोस, काकांनी वर्षभर मला पळवले आहे."

बायजाबाईने पत्र घेतलं, घडी केली, चोळीत घातलं.

"उद्या तुजी शिफ्ट कवा हाय?"

"दुपारची."

"मंग सकाळी डॉक्टरकडं जाऊ."

नाक्यावरच्या डॉक्टरने विचारलं, छातीत दुखतं का. "दुखतं," बायजाबाई म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. त्याने पट्ट्या लावून मशीनवर ईसीजी काढला. त्यात काही निघालं नाही. रूपाने खालच्या आवाजात भावेशचं सांगितलं. डॉक्टरने त्या पोराला नाक्यावरच्या सत्काराच्या बॅनरवर पाहिलं होतं. तो थोडा वेळ पेन उघडझाप करत राहिला, मग लिहून दिलं.

पोलीस पाटील हरेश लांबच्या नात्यातला. त्याने कागद दोनदा वाचला आणि बायजाबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. परवाच तिला डोक्यावर टहाळाचा, तोडलेल्या फांद्यांचा, भारा घेऊन हायवे ओलांडताना त्याने पाहिलं होतं.

"वहिनी, हार्टची पेशंट तू?"

"कागदावर हाय तसं."

"गेल्या दिवाळीत भरतीची बातमी आली तवा मीच त्याला फेटा बांधला. आनि आता मीच शिक्का मारून परत आनू?"

पाटलाच्या ओट्यावर बायजाबाई उभीच होती. तिला बस म्हणायचं त्याला सुचलं नव्हतं आणि तीही आपणहून बसली नव्हती. बऱ्याच वेळाने हरेशने शिक्का शाईच्या पॅडवर दाबला.

"पन आता पडून ऱ्हा. चौकशी येते. चार दिवस दाराबाहेर दिसलीस तर मी बी जातो आनि पोरगा बी जातो."

कागद स्पीड पोस्टने गेला. बायजाबाई कॉटवर पडली.

आयुष्यात दोन बाळंतपणं सोडली तर ती दिवसा आडवी झालेली नव्हती. पहिल्या दिवशी तिला कंबर दुखायला लागली, दुसऱ्या दिवशी खरोखरच डोकं चढलं. बाया बघायला यायच्या, पायथ्याशी बसायच्या, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायच्या. विठूची थोरली बहीण आक्का तर आल्या आल्या पदर तोंडाला लावून बसली.

"पोरगा गेला आनि आयस झिजली. मी तवाच म्हनलं व्हतं."

"कवा म्हनलंस गो?" बायजाबाईने डोळे मिटूनच विचारलं. "फेटा बांधताना तर सगल्यांच्या पुढं नाचत व्हतीस."

"सिरियस हायस का भांडतंस?" आक्का म्हणाली, आणि डोळे पुसून तिने बिस्किटाचा पुडा फोडला.

खरा त्रास विठूचा होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. रूपा सांगू म्हणाली, पण मुलाने नको लिहिलं होतं, आणि विठूच्या पोटात गोष्ट टिकत नाही हे दोघींना माहीत होतं. ड्युटीवरून आला की तो कॉटच्या कडेला बसायचा आणि तिचे पाय दाबायचा. त्याची बोटं बांबूच्या दोरीने सोललेली. त्याने स्वतः भात शिजवला, तो खाली करपला, वर कच्चा राहिला. बायजाबाईने तो गिळला.

"दवाखान्यात ठेवायचं काय तुला? ठाण्याला?"

"नको. बरं वाटंल."

"भावेशला कळवू नको हां. तिकडं पोरगा घाबरंल," विठू म्हणाला. बायजाबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला दारातून माहुलीच्या डोंगराच्या बाजूला आभाळ दिसलं. अजून लांब होतं, पण काळं होतं. राब भाजायचा राहिला होता. दोन गोडाऊनच्या भिंतींमध्ये त्यांचे अठरा गुंठे उरले होते. तिथल्या वाफ्यावर शेण, टहाळ, गवत, पातेरा आणि वर बारीक माती असे थर तिने महिनाभर खपून रचले होते. तो भाजला नाही तर भाताचं रोप गवतात मरून जातं. भिजला तर पेटत नाही. एवढं सगळं ती कॉटवरून पाहत होती.

विठू ड्युटीवर गेला. रूपाची त्या दिवशी सुट्टी होती, ती झोपली होती. बायजाबाईने पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढला, काडेपेटी घेतली आणि मागच्या वाटेने गेली. तासाभराचं काम. कोण बघतंय.

वारा मंद होता. तिने वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवलं, म्हणजे आग पळत नाही, सावकाश खात जाते. धूर भिंतीला लागून वर चढला. भिंतीपलीकडून कुणी तरी हिंदीत ओरडलं, माल अंदर है, धुआँ जाता है. ती ओल्या निरगुडीच्या डहाळीने कडा झोडत पुढे सरकत राहिली. तीन दिवसांनी अंग मोकळं झालं होतं. घामात काजळी मिसळून कोपरापर्यंत ओघळली होती. पाठीमागे कुणी खाकरलं तेव्हा तिने आधी आग झोडली आणि मग वळून पाहिलं.

सोमा उभा होता. बौद्धवाडीतला, सैन्यातून हवालदार होऊन निवृत्त झालेला. आता विठूच्या गोडाऊनवर सिक्युरिटी सुपरवायझर. सोमाचा बाप याच वाफ्यासाठी मजुरीने टहाळ तोडायला यायचा. आता विठू सोमाला गेटवर साहेब म्हणायचा आणि घरी सोमा. भरतीच्या आधी वर्षभर सोमाने भावेशला पहाटे सर्व्हिस रोडवर पळवला होता, स्टॉपवॉच हातात घेऊन.

"वहिनी," तो म्हणाला, "मी तुमच्या घरी निघालो व्हतो. आजारी मानूस बघायला."

बायजाबाईच्या हातातली डहाळी धुमसत होती. तिने ती मातीत खुपसली.

"आज सकाळीच सेंटरवरून फोन व्हता. तिथला सुभेदार माज्या कंपनीतला. पोरानं फॉर्मवर वळखीत माजं नाव दिलंय. साहेब इचारत व्हते, आई खरंच सिरियस हाय काय, जाऊन बघ आनि चार वाजता सांग."

"मंग सांगा बघितलं ते."

"सांगू? खोटा अर्ज म्हनून पोराची मोठ्या साहेबापुढं पेशी व्हईल. काढून बी टाकतील." सोमा भिंतीच्या सावलीत गेला, रुमालाने मान पुसली. त्याचा राग त्याच्या बुटांत होता. टाचेने तो ढेकूळ फोडत होता. "मला का न्हाय सांगितलं त्यानं? वर्षभर मी त्याच्यासंगती पळलो."

"म्हनूनच न्हाय सांगितलं." बायजाबाईने चोळीतून पत्र काढून त्याच्यापुढे धरलं. "वाचा."

सोमाने वाचलं. खालची चार बोटं त्याने दोनदा वाचली. मग परत देताना घडी होती तशीच केली.

"पळायचं डोक्यात सगळ्यांच्या येतं," तो म्हणाला.

"तुमच्या आलं व्हतं?"

तो धुराकडे पाहत राहिला. "माज्या वक्ताला लढाई नव्हती."

आग वाफ्याच्या मध्यावर आली. दोघांनी मिळून उरलेली कड झोडली. सगळं काळं होऊन विझत आलं तेव्हा सोमा म्हणाला, "मी साहेबाला खोटं सांगनार न्हाय. पन मी डॉक्टर बी न्हाय. चार वाजता तुमच्या घरी येतो. आई सिरियस असली तर पोराला फोनवर एक मिनिट देतात, मी मागून घेतो. फोन तुमच्या हातात देतो. तुमी कसं बोलायचं ते तुमी बघा. आवाज ऐकून साहेब काय ठरवायचं ते ठरवतील."

"आला तर?"

"दहा दिवस घरी. बॅच हुकंल. पुढच्या बॅचला परत पहिल्यापासून. जायचं त्याच्या मनात असलं तर."

"आनि न्हाय आला तर?"

"पाच आठवडे. मंग युनिट." तो चालायला लागला. "तोंड धुवा, वहिनी. सिरियस मानसाच्या तोंडाला राख नसते."

दुपारी विठू जेवायला आला. बायजाबाई कॉटवर नव्हती, चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. त्याचा चेहरा उजळला आणि तेवढ्यात तिने सगळं सांगितलं. परातीत हात ठेवूनच सांगितलं. पळालेला पोरगा, डॉक्टर, शिक्का, तीन दिवसांचं पडून राहणं, सोमा.

विठूने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी तुजं पाय दाबत व्हतो."

"व्हय."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तू गावभर अंडी वाटत फिरत व्हतास."

तव्यावरची भाकरी फुगली, करपायला लागली, तिने उलटली नाही. शेवटी रूपानेच पुढे होऊन उलटली.

"येऊ दे त्याला," विठू म्हणाला.

बायजाबाईने मान वर केली. तिला वाटलं होतं तो बॅनरचं बोलेल, नाक्यावरच्या लोकांचं बोलेल.

"हसतील," ती म्हणाली.

"हसू दे. मी दिवसभर ट्रकवाल्यांच्या शिव्या खातो, चार हसणं जास्त." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात न घालता ताटात ठेवला. "भिंतीवरून पडला बिडला तर काय करायचं?"

मग त्यांनी ठरवलं. बायजाबाईने हळू बोलायचं, दम लागल्यासारखं. फक्त "ये बाबा" म्हणायचं. पण त्याआधी तिला त्याला काही विचारायचं होतं. साहेब ऐकत असला तरी आईने विचारलं तर काय बिघडतं अशा गोष्टी: झोप लागते का, जेवण अंगी लागतं का, पाय दुखतात का. त्याच्या आवाजावरून तिला कळलं असतं. तो किती घाबरलाय ते तिला लहानपणापासून नुसत्या श्वासावरून कळायचं. रूपा शेजारी बसली आणि त्यांनी दोनदा बोलून पाहिलं. दुसऱ्या वेळी बायजाबाईचा आवाज इतका बारीक निघाला की विठू उठून पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"बाबा, खोटं हाय ते," रूपा म्हणाली. विठूने पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

चारला पाच मिनिटं असताना सोमा आला. बूट बाहेर काढले, खुर्ची घेतली, मोबाइल मांडीवर ठेवला. बायजाबाई कॉटवर आडवी झाली, चादर गळ्यापर्यंत. नखांतली काजळी निघाली नव्हती. तिने हात चादरीखाली घेतले. विठू तासाची रजा घेऊन आला होता, तो दारात उभा राहिला. लांबून हायवेचे हॉर्न येत होते.

सोमाने नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"जय हिंद साब. जी, मैं घर पे ही हूँ. माताजी के पास. साब, एक मिनट लडके से बात हो जाती तो..." पलीकडून काही तरी बोलणं झालं, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणी तरी नाव पुकारलं. नाव आडनावासकट, मोठ्याने. बायजाबाईने आपल्या मुलाचं नाव असं पुकारलेलं कधी ऐकलं नव्हतं. बूट दणकन जमिनीवर आपटले. मग श्वास.

सोमाने फोन तिच्या तोंडाशी धरला.

"आये?"

तिने ठरल्याप्रमाणे दम घेतला. "भावेश..." ती बारीक आवाजात म्हणाली.

मग त्याचा आवाज आला तो लहान पोराचा होता.

"आये, तुला खरंच झालंय काय? मला हितं बोलावून सांगितलं आई सिरियस हाय. मी... आये, मी तसं लिवलं म्हनून झालं काय? माज्यामुळं झालं काय तुला?"

"न्हाय रं—"

"बाबा कुठं हायत? दवाखान्यात हायस काय? रूपाताई! आयेला काय झालंय?" तो रडत होता. साहेबांसमोर, ऑफिसात, उभा राहून. "मी सारखा देवाला सांगत व्हतो, मी खोटं लिवलंय, खरं करू नको म्हनून."

बायजाबाई ताडकन उठून बसली. चादर खाली पडली. तिने सोमाच्या हातातून फोन ओढून घेतला आणि शेतात बांधापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी ओरडली.

"मला काय बी झालेलं न्हाय! ऐकतंस काय? ठणठणीत हाय मी! सकाळी राब भाजून आलेय. सगला, एकटीनं! आता भाकऱ्या केल्या. मी आक्काशी भांडलेय! मला काय धाड भरलीय? रडू नको. रडू नको म्हनते ना. बघ, माजा आवाज बघ. आजारी बाईचा आवाज असा असतो काय?"

रूपाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. सोमा जमिनीकडे पाहत होता.

"खरंच?" पलीकडून.

"तुजी शप्पत. भाताचं बी काढून ठेवलंय. बाबा हितंच हाय, दारात उभा हाय."

"भावेश, आयस चांगली हाय रं," विठू दारातून ओरडला.

भावेश हसला. रडतच हसला, नाक ओढलं. "उन्हात जाऊ नको, आये. ऊन लागंल," तो म्हणाला, आणि मग फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेला.

"हवलदार साब," सुभेदाराचा आवाज आला, शांत. "माताजी तो ठीक लग रही हैं."

बायजाबाईने फोन सोमाला दिला. सोमा उभा राहून बोलला. "जी साब. बीमार थीं, अब ठीक हैं. मैंने देखा है. बच्चा है साब, घबरा गया. जी. छुट्टी की जरूरत नहीं. जी, मेहरबानी आपकी. जय हिंद."

फोन बंद झाला.

"पेशी व्हनार न्हाय," सोमा म्हणाला. "आई बरी झाली असं लिहून टाकतील. त्यांना बी सगळं कळतं. झालं ते बरं झालं, वहिनी."

"हसला बघ," विठू रूपाला म्हणाला. "ऐकलंस ना? हसला." त्याने टोपी डोक्यावर घातली, रजेचा तास संपत आला होता, पण तो गेला नाही.

बायजाबाई कॉटच्या कडेला बसली होती. पाय खाली, हात मांडीवर, नखं काळी. ती कुणाकडेच पाहत नव्हती. दुपारी जे ओठांवर घोळवून ठेवलं होतं ते ती एकेक करून आठवत होती, आणि जसजसं आठवत होतं तसतसा तिचा चेहरा उतरत गेला.

"सोमादादा, परत लावा."

"आता न्हाय देनार ते, वहिनी. एक मिनिट मोठ्या मुश्किलीनं मिळालं."

"येकच इचारायचं राह्यलं."

"काय?"

"तो कसा हाय," बायजाबाई म्हणाली. "सगला वेळ मीच माजं सांगत बसले. तो कसा हाय ते मी इचारलंच न्हाय."

सोमाने तिच्याकडे पाहिलं, मग विठूकडे. त्याने पुन्हा नंबर लावला आणि मोबाइल कॉटवर, तिच्या मांडीशेजारी ठेवला. विठू दारातून आत आला. रिंग वाजायला लागली.